दुरुस्ती

सरोवराच्या या टोकाला नोव्हेंबर लागला
की शाई गोठल्यासारखी चालायची.
मी हीटरवर जेवणाचा डबा शेकत ठेवायचो,
आणि बर्नडीन झेलास्को, आमची संपादक,
बुटांवरचा बर्फ न झटकता प्रुफं मागायची.

आठ पानं, पंधरवड्यातून एकदा.
धर्मप्रांत एवढा लांबोडका
की बिशप सकाळच्या मिस्सेला निघाले
तर कॉफीपुरते पोचायचे.

मी फिनिश, लूथरन. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
ती म्हणाली, "टॉइवो, स्पेलिंग येतं ना?
बाकीचं देव बघून घेईल."

काय असायचं त्यात?
शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाचे दर.
सेंट हेडविगच्या छपरासाठी किती जमले,
आणि अजून किती गळतंय.
सिस्टर अपोलोनियाची नव्वदी: केकवर एकच मेणबत्ती,
कारण गावातला बंब दुरुस्तीला गेलेला.
रोमहून आलेलं काहीबाही,
ते मी उरलेल्या जागेत बसवायचो.
पहिल्या कम्युनियनचा फोटो, त्यात अकरा मुलं,
आणि खाली बारा नावं:
"मागच्या रांगेत, दिसत नाही तो, ऑगस्टिन पेल्किए."
त्या ओळीसाठी तिनं एक जाहिरात कापली होती.

एकदा माझ्या हातून एक अक्षर गळलं.
टेक्ला व्रोबेल, वय एक्क्याऐंशी, हिची झाली टेक्ला वोबेल.
फोन आला नाही. पत्रही नाही.
बर्नडीननं स्वतःच पाहिलं, गाडी काढली,
मला शेजारी बसवलं, आणि पन्नास मैल
वायपरच्या आवाजाशिवाय काही बोलली नाही.

म्हाताऱ्यानं दार उघडलं. ऐकून घेतलं.
म्हणाला, "माझा बाप तांब्याच्या खाणीत सत्तावीस वर्षं उतरला.
पगाराच्या वहीत त्याचं नाव
एकदाही धड लिहिलं नाही कोणी.
सांगायला मात्र कधी कोणी आलं नव्हतं. बसा."
बीटाचं सूप होतं. मला आवडत नाही. दोन वाट्या प्यालो.

मग ती यादी आली.
नऊ फादर, त्यांच्या पॅरिश, त्यांची वर्षं.
मुलांचं नाव एकाचंही नाही, नसणारच.
बिशपांच्या कचेरीतून निरोप: सहावं पान,
उपासकाळातल्या पाककृतींच्या खाली.
तिनं पाककृती काढल्या.
पहिलं पान रिकामं केलं
आणि मला म्हणाली, "लाव."

पाचवं नाव तिचं लग्न लावणाऱ्याचं होतं.
तिनं त्यावर बोट ठेवलं, एकेक अक्षर पुटपुटली,
जसं टेक्लाच्या दुरुस्तीचं पुटपुटली होती,
आणि पुढच्या नावावर गेली.

तीनशे चाळीस वर्गणीदार गेले.
काहींनी अंक फाडून परत धाडला, टपालखर्च आमच्यावर टाकून.
आणि एक पाकीट, वर पत्ता नाही,
आत दहा वर्षांच्या वर्गणीची मनीऑर्डर
आणि पेन्सिलीनं एक ओळ:
"अंक पाठवू नका. घरी आई वाचते. पण छापत राहा."
तो कागद तिनं ड्रॉवरमध्ये ठेवला,
मग कुलपाची किल्ली घरी न्यायला लागली.

आता गुळगुळीत रंगीत मासिक येतं,
कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात छापलेलं.
फोटो सुंदर असतात. त्यातलं कोणीच मला ओळखीचं नसतं;
चूक सापडत नाही, कारण आमच्याबद्दल काही नसतंच.

बर्नडीन मार्चमध्ये गेली.
शहरातल्या दैनिकानं चार ओळी दिल्या
आणि नाव छापलं, सेलास्को.
मी फोन केला. यंत्र म्हणालं, चार दाबा.
चार दाबलं. संगीत वाजलं. पुष्कळ वेळ वाजलं.

म्हणून हे इथे.
झेलास्को. झबल्यातला झ.
चूक आमच्या पत्राची नाही, आणि पत्रही आता नाही.
तरीही दिलगीर आहोत.